श्रीरामपूरच्या घराचे नियम

श्रीरामपूर म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे एस.टी. स्टँड, उसाच्या गाड्या आणि साखर कारखाना येतो. माझी मावशी तिकडची. त्यामुळे मराठी भाषेच्या इतिहासाच्या तासाला सरांनी फळ्यावर ‘मराठी व्याकरण, श्रीरामपूर, 1805’ असे लिहिले, तेव्हा दोनशे वर्षांपूर्वी मावशीच्या गावात छापखाना होता की काय, असे मला वाटले. मी उठून तसे विचारलेही. वर्ग हसला. सर मात्र हसले नाहीत. हे श्रीरामपूर बंगालमधले, कलकत्त्याच्या वर हुगळी नदीच्या काठचे, त्या काळी डेन्मार्कच्या ताब्यातले, असे त्यांनी सांगितले; आणि तास संपल्यावर मला ग्रंथालयातून विल्यम केरी ह्यांचे चरित्र काढून वाचायला लावले.

मी वाचायला घेतले ते मराठीचे व्याकरण लिहिणारा इंग्रज कोण, हे पाहण्यासाठी. सापडला मात्र वेगळाच माणूस. एका घरात, एका चुलीवर, एका तिजोरीवर अनेक माणसांनी कसे राहावे, ह्याचे नियम करणारा आणि ते मरेपर्यंत पाळणारा. त्याच वेळी आमच्या वसतिगृहाच्या मेसमध्ये भांडण चालू होते, आणि त्या मेसचे नियम लिहिणारी मीच होते. म्हणून हे चरित्र मला परके वाटले नाही. ते का, हे शेवटी सांगते.

विल्यम केरी ह्यांचा जन्म 17 ऑगस्ट 1761 रोजी इंग्लंडमधील नॉर्दॅम्प्टनशायर परगण्यातील पॉलर्सपरी ह्या खेड्यात झाला. वडील एडमंड हे हातमागावर कापड विणीत. पुढे ते गावच्या शाळेचे मास्तर झाले. घरची स्थिती बेताची. केरींना एका चर्मकाराकडे उमेदवार म्हणून ठेवण्यात आले आणि पुढे कित्येक वर्षे जोडे शिवणे हाच त्यांचा धंदा राहिला. पण हात चामड्यावर आणि डोळे पुस्तकावर, अशी त्यांची तऱ्हा होती. लॅटिन, ग्रीक, हिब्रू, डच, फ्रेंच ह्या भाषा त्यांनी बहुतेक स्वतःच्याच प्रयत्नाने शिकून घेतल्या. कामाच्या जागी भिंतीवर त्यांनी कागद जोडून जगाचा मोठा नकाशा केला होता, आणि त्यावर प्रत्येक देशाची लोकसंख्या, धर्म, चालीरीती ह्यांची टिपणे लिहीत. हा चर्मकार स्वतःचा परगणा ओलांडून फारसा कुठे गेला नव्हता. पण जग त्याने भिंतीवर टांगून ठेवले होते.

1781 मध्ये, वीस वर्षांचेही नसताना, त्यांचे लग्न डॉरथी प्लॅकेट हिच्याशी झाले. लग्नाच्या नोंदवहीत डॉरथीने सही केली नाही. तिने फुली काढली. तिला लिहिता येत नव्हते. हे वाचले तेव्हा मी पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवले. माझ्या कॉलेजच्या प्रवेश अर्जावर पालकाची सही म्हणून माझ्या आईचा अंगठा आहे.

पुढे केरी बॅप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक झाले. मंडळी गरीब, पगार तुटपुंजा. म्हणून शाळा आणि जोडे दोन्ही चालू. 1792 मध्ये त्यांनी एक छोटे पुस्तक लिहिले. दूरदेशी जाऊन ख्रिस्ती धर्माचा प्रचार करणे हे आपले कर्तव्य आहे, असे त्यात प्रतिपादन होते. मला त्यातले धर्माचे विवेचन फारसे कळले नाही. पण त्याचा व्यवहारी भाग चांगला कळला. व्यापारी कंपन्या जशा सनद घेऊन, भांडवल जमवून, माणसे निवडून समुद्रापार जातात, तसेच ह्या कामासाठीही एक संस्था काढावी, तिची एक समिती असावी, आणि श्रीमंतांच्या देणगीची वाट न पाहता प्रत्येकाने दर आठवड्याला एक पेनी द्यावी, अशी त्यांची सूचना होती. ज्याला पेनीची किंमत ठाऊक असते त्यालाच असा हिशेब सुचतो.

त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला केटरिंग ह्या गावी एका विधवा बाईच्या घरातील मागच्या बैठकीत मूठभर माणसे जमली आणि ‘बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी’ची स्थापना झाली. पाच जणांची समिती नेमली गेली. अँड्र्यू फुलर चिटणीस झाले. एकदम दहा पौंड किंवा वर्षाला साडेदहा शिलिंग देईल तो सभासद, असा ठराव झाला. त्या दिवशी वर्गणीचे आकडे पडले ते एकूण 13 पौंड, 2 शिलिंग आणि 6 पेन्स. एवढ्या पुंजीवर ही संस्था समुद्रापार जायला निघाली होती.

जायला पहिले नाव केरींचे. डॉरथीने मात्र नकार दिला. ती गरोदर होती. आपला परगणाही तिने कधी सोडला नव्हता. केरी थोरल्या मुलाला घेऊन निघाले, पण कंपनी सरकारचा परवाना नसल्यामुळे त्यांना जहाजावरून उतरवण्यात आले. दरम्यान बाळंतपण होऊन गेले होते. पुन्हा विनवण्या झाल्या, आणि बहीण बरोबर येणार असेल तर येते, अशा अटीवर डॉरथी तयार झाली. जून 1793 मध्ये एका डॅनिश जहाजातून निघून 11 नोव्हेंबरला ही मंडळी कलकत्त्यास पोहोचली.

पैसा बरोबरच्या डॉ. थॉमस ह्यांच्या हाती होता. काही आठवड्यांतच तो संपला. परमुलूख, तापाची हवा, घरात अन्न नाही. अखेर 1794 मध्ये उत्तर बंगालात मदनाबाटी येथे निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापकाची नोकरी मिळाली. केरींनी सोसायटीला कळवून टाकले की आता मला तुमच्या पैशांची गरज नाही. ह्यावर शाबासकी यायला हवी होती. आले ते समितीचे समज देणारे पत्र : धंद्यात पडून मूळ काम विसरू नका. केरींच्या मनाला ते लागले. पगारातला बराचसा भाग ते त्याच कामावर खर्च करीत होते. पत्र यायला-जायला पाच-सहा महिने लागत. दूर बसलेल्या समितीला हिशेब दिसतो, माणूस दिसत नाही. पुढच्या मोठ्या कलहाचे बीज मला इथेच दिसते.

त्याच वर्षी पाच वर्षांचा मुलगा पीटर हगवणीने गेला. त्यानंतर डॉरथीच्या मनाचा तोल सुटला आणि तो पुन्हा कधी सावरला नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. 1799 च्या ऑक्टोबरात सोसायटीची नवी माणसे आली. त्यांत जोशुआ मार्शमन हे शाळामास्तर होते आणि विल्यम वॉर्ड हे मुद्रक. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. म्हणून ते डॅनिश अमलाखालील श्रीरामपुरात उतरले. केरीही मदनाबाटी सोडून 10 जानेवारी 1800 रोजी तेथे आले. नदीकाठी एक मोठे घर सहा हजार रुपयांना विकत घेतले गेले, आणि सगळी कुटुंबे त्या एकाच घरात राहू लागली.

घरात पाय ठेवल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी नियम केले. ते असे : प्रार्थना आणि प्रवचन आळीपाळीने सर्वांनी करायचे. घराचा कारभार एकेकाने एकेक महिना पाहायचा. खजिना आणि औषधांची पेटी केरींकडे. पुस्तके दुसऱ्या एका सहकाऱ्याकडे. कोणीही स्वतःसाठी खाजगी धंदा करायचा नाही. जो काही मिळेल तो सर्वांचा. आणि दर शनिवारी संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसून आठवड्यातले रुसवेफुगवे, तक्रारी, मतभेद बोलून मिटवायचे आणि एकमेकांवर प्रेम करण्याचे पुन्हा वचन द्यायचे. मोरावियन नावाच्या एका ख्रिस्ती पंथाचे लोक असे एकत्र राहत. त्यांचे उदाहरण केरींपुढे होते.

ह्या नियमांची खरी कसोटी लवकरच लागली. 1801 मध्ये कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात केरींना बंगालीचे अध्यापक म्हणून नेमले गेले. पगार दरमहा पाचशे रुपये. पुढे प्राध्यापक झाल्यावर तो एक हजार झाला. एकेकाळच्या चर्मकाराला हजार रुपये! मार्शमन पतिपत्नींच्या निवासी शाळांनाही चांगली मिळकत होऊ लागली. वॉर्डच्या छापखान्याला कामे मिळू लागली. हे सारे पैसे एकाच पेटीत जात. त्या पेटीतून केरींच्या कुटुंबाला खर्चाला मिळत महिना चाळीस रुपये. आणि कॉलेजात व गव्हर्नरच्या घरी जाताना अंगावर बरे कपडे असावेत म्हणून आणखी वीस. दर मंगळवारी संध्याकाळी ते होडीने कलकत्त्यास जात आणि शुक्रवारी परत येत. म्हणजे शनिवारच्या बैठकीला हा हजार रुपयांचा प्राध्यापक घरी हजर असे, इतरांच्या बरोबरीने.

7 ऑक्टोबर 1805 रोजी ह्या घराची मोठी नियमावली तयार झाली. तीत अकरा कलमे आहेत. वर्षातून तीन वेळा, जानेवारी, मे आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, प्रत्येक ठाण्यावर ती सर्वांसमोर वाचली जावी, असे ठरले. कलमांचा आशय थोडक्यात सांगते. ज्या लोकांत राहायचे त्यांच्या समजुती, चालीरीती नीट जाणून घ्याव्यात. ज्या इंग्रजी वागणुकीने त्यांचे मन दुखावेल ती टाळावी. त्यांच्या देवदेवतांवर तुटून पडू नये. त्यांच्यासाठी आपले दार आणि आपला वेळ सदैव मोकळा ठेवावा. येथील माणसांच्या अंगचे गुण वाढवून त्यांनाच उपदेशक करावे, कारण शेवटी हे काम तेच करू शकतील. भाषांतरे करावीत, शाळा काढाव्यात. आणि शेवटचे कलम : आपला वेळ, बुद्धी, शक्ती, अंगावरचे कपडेसुद्धा आपले मानू नयेत.

हे सर्व धर्मांतराच्या हेतूने होते, हे विसरून चालणार नाही. आपल्या समाजात त्यावर तेव्हाही वाद झाले आणि आजही होतात. राममोहन रॉय आणि मार्शमन ह्यांचा लेखी वाद तर प्रसिद्धच आहे. मी त्या वादात पडत नाही. पण दुसऱ्यांच्या देशात जाऊन राहणाऱ्या माणसांनी प्रथम स्वतःला बांधून घेतले, ही गोष्ट वाद बाजूला ठेवूनही पाहण्यासारखी आहे. नवख्रिस्ती माणसांत जातिभेद पाळू द्यायचा नाही, हेही त्यांनी ठरवले. 1803 मध्ये कृष्ण पाल ह्या सुताराच्या मुलीचे लग्न कृष्णप्रसाद ह्या ब्राह्मण तरुणाशी लागले.

ह्या एका तिजोरीवर काय काय उभे राहिले! 1801 मध्ये बंगाली नवा करार छापून निघाला. पुढे कितीतरी भारतीय भाषांतून भाषांतरे झाली. 1818 मध्ये ‘समाचार दर्पण’ हे बंगाली साप्ताहिक निघाले. त्याच वर्षी श्रीरामपूर कॉलेज सुरू झाले. आपल्या मराठीचाही त्यात वाटा आहे. फोर्ट विल्यम कॉलेजात केरी मराठीही शिकवीत. 1805 मध्ये त्यांचे मराठी व्याकरण आणि 1810 मध्ये मोडी लिपीतील खिळे वापरून छापलेला मराठी-इंग्रजी कोश निघाला. ह्या कामात वैजनाथ पंडित ह्यांचे मोठे साहाय्य होते, आणि ह्याच पंडितांनी भाषांतरित केलेली ‘सिंहासन बत्तिशी’ व ‘हितोपदेश’ ही मराठी पुस्तके श्रीरामपुरी छापली गेली. महाराष्ट्रात मराठी छापखाना रुजण्यापूर्वी हुगळीच्या काठी मराठी अक्षरे छापली जात होती. 11 मार्च 1812 च्या रात्री छापखान्याला आग लागून कागद, खिळे आणि केरींची कित्येक वर्षांची हस्तलिखिते जळाली. तरी काही महिन्यांत यंत्रे पुन्हा चालू झाली.

पण नियमांत एक माणूस बसलेच नव्हते. 1805 च्या नियमावलीखाली नऊ सह्या आहेत, सगळ्या पुरुषांच्या. हॅना मार्शमन शाळा चालवून त्या पेटीत पैसा आणीत, पण त्यांची सही तिथे नाही. आणि डॉरथी? त्याच आवारात एका खोलीत ती वेडाच्या भरात दिवस काढीत होती, तेव्हा शेजारच्या खोलीत तिचा नवरा भाषांतर तपासत होता. 8 डिसेंबर 1807 रोजी ती वारली. केरींनी तिला टाकले नाही, वेड्यांच्या इस्पितळात धाडले नाही, हे खरे. पण शनिवारच्या बैठकीत तिची तक्रार कोण मांडणार होते? अकरा कलमांत सर्व परक्यांसाठी दार उघडे ठेवले आहे. घरातल्या, न लिहिता येणाऱ्या बाईसाठी एकही कलम नाही. केरींबद्दलचा माझा आदर कमी झाला नाही; पण हे लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही.

नियम मोडले ते मात्र वेगळ्याच बाजूने. मे 1815 मध्ये फुलर वारले. ते होते तोवर श्रीरामपूरच्या कारभारात लंडनने लुडबूड करू नये असे त्यांचे धोरण होते. नव्या समितीला ते पटेना. श्रीरामपूरची घरे, जमीन, छापखाना कोणाच्या नावावर, हा प्रश्न निघाला. मिळकत संस्थेचीच आहे, आम्ही केवळ विश्वस्त, असे तिघे म्हणत. इंग्लंडमधील माणसे विश्वस्त म्हणून घ्यावीत, असा समितीचा आग्रह. जी मिळकत आपण स्वतः राबून उभी केली आणि स्वतःसाठी ठेवली नाही, तिच्याबद्दल आपल्यावरच संशय, हे तिघांना सहन झाले नाही. इकडे इंग्लंडहून आलेल्या तरुण मिशनऱ्यांना ह्या म्हाताऱ्यांचा कारभार जाचू लागला. 1817-18 च्या सुमारास ते कलकत्त्यास वेगळे झाले. त्यांत केरींचा सख्खा पुतण्या युस्टेसही होता. 1823 मध्ये वॉर्ड वारले. 1827 मध्ये श्रीरामपूर आणि सोसायटी ह्यांची फारकत झाली. जी संस्था केरींनी कल्पिली, जिचे ते पहिले सभासद, तिच्यापासूनच ते दूर झाले.

दोष कोणाचा, ह्यावर मी बरेच दिवस विचार केला. समितीचेही सर्वस्वी चुकले असे म्हणता येत नाही. वर्गणीदारांना जबाब द्यायचा तर कागद पक्के हवेतच. आज आहेत ती माणसे उद्या नसतील. तरुणांचेही खरे होते. ती नियमावली त्यांनी लिहिली नव्हती. ती त्यांना आयती मिळाली. मला वाटते, शनिवारची बैठक एका घरापुरतीच चालते. जी माणसे समोरासमोर बसून जेवतात त्यांच्यात ती जखम भरून काढते. लंडन आणि हुगळी ह्यांच्यामध्ये शनिवार नव्हता. होते फक्त सहा महिन्यांनी पोहोचणारे पत्र. जिथे बोलायची जागा संपते तिथे माणसे नियमांवर बोट ठेवू लागतात.

केरी मात्र आपल्या नियमाला चिकटून राहिले. 1830 च्या सुमारास कलकत्त्याच्या मोठ्या पेढ्या बुडाल्या, कॉलेजातली प्राध्यापकी गेली, हाती निवृत्तिवेतन तेवढे राहिले. 9 जून 1834 रोजी त्यांनी देह ठेवला. इंग्लंड सोडल्यावर ते एकदाही परत गेले नव्हते. त्यांच्या मृत्युपत्रात पहिली गोष्ट अशी की, श्रीरामपूरच्या मिशनच्या वास्तूवर आपला कोणताही हक्क नाही आणि तसा हक्क आहे असे आपण कधी मानलेही नाही. वनस्पती, शिंपले वगैरेंचा त्यांचा संग्रह कॉलेजाला दिला. राहिली पुस्तके. ती विकून आलेल्या पैशांतून मुलगा जेबझ ह्याला पंधराशे रुपये द्यावेत, असे त्यांनी लिहिले. कारण इतर मुलांना तेवढे पूर्वी मिळालेले होते. तीस वर्षे जो पेटीत हजारो रुपये टाकीत आला, त्याला मुलाचे पंधराशे देण्यासाठी पुस्तके विकावी लागली. पुढे 1837 मध्ये श्रीरामपूर आणि सोसायटी पुन्हा एक झाली. ते पाहायला केरी नव्हते. त्याच वर्षी डिसेंबरात मार्शमनही गेले.

आता आमच्या मेसबद्दल. आम्ही बावीस मुली मिळून मेस चालवतो. दोघीदोघींनी एकेक महिना कारभार पाहायचा, शिध्याची वही ठेवायची, उरलेले पैसे पुढच्या जोडीला द्यायचे. हे नियम मी लिहिले, सुवाच्य अक्षरात, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवले. हळदीच्या बोटांनी तो कागद पिवळा झाला आहे. गेल्या दिवाळीनंतर हिशेबावरून आमच्यात भांडण झाले. माझ्या महिन्याच्या वहीत ‘किरकोळ’ ह्या शब्दापुढे एकशे ऐंशी रुपये होते. एका मैत्रिणीने ते काय म्हणून विचारले. मी नियमावर बोट ठेवले : दहा रुपयांच्या आतल्या वस्तूंची वेगळी नोंद नको, असे त्यात आहे. ती गप्प बसली. महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही.

ते एकशे ऐंशी रुपये मी माझ्या परीक्षेच्या अर्जाच्या विलंब शुल्कासाठी घेतले होते. घरून पैसे यायला उशीर झाला होता, मागायची लाज वाटली, आणि पुढच्या महिन्यात मी ते गुपचूप परत भरले. हिशेब आता बरोबर आहे. पण ज्या पेटीचे नियम मी लिहिले त्या पेटीला मीच हात लावला, आणि विचारणाऱ्या मुलीला मी नियम दाखवून गप्प केले. केरींच्या अकरा कलमांतले एकही कलम मला तेव्हा ठाऊक नव्हते, आता आहे.

आमच्या भिंतीवरच्या कागदाला मी एक नियम जोडू इच्छिते, तोही सर्वजणींनी मान्य केला तर. दर शनिवारी जेवणानंतर अर्धा तास सगळ्यांनी बसायचे. वही मध्ये ठेवायची. जिला जे विचारायचे ते तिने विचारायचे. आमच्याकडे पोळ्या करायला येतात त्या मावशींनीही बसायचे, त्यांना लिहिता येत नसले तरी. पहिल्या शनिवारी पहिली मी बोलेन. काय बोलणार, ते माझ्या मैत्रिणींना आता कळलेच आहे.

— द्वितीय वर्ष, कला